आईचं ऊन, बाळाचा श्वास

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आई तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलाच्या छातीत घरघर होती, धाप लागली होती. नेब्युलायझरनं वाफ दिल्यावर तो सावरला आणि खेळायलाही लागला. आई मात्र जागची उठेना. तिला पाचवा महिना चालू होता. सोबत सासूबाई होत्या. जरा घुटमळत तिनं विचारलं, "मॅडम, याच्या वेळी मी ड जीवनसत्त्व घेतलं नव्हतं. म्हणून याला दमा झाला का?" ती बोलते न बोलते तोच सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, गोळ्या नीट घे म्हणून."

मग तिनं पर्समधून एक छोटी पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. ड जीवनसत्त्वाची, साठ हजार युनिटची. "जाऊबाईंनी मोबाइलवर पाठवलं होतं. गरोदरपणात हे भरपूर घेतलं की बाळाला दमा होत नाही म्हणे. दुकानातून आणली. तीन दिवस झाले, रोज एक घेतेय."

त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर तुम्हाला सांगणार आहे. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ज्या घरात एका मुलाला धाप लागते, त्या घरातली दुसऱ्यांदा गरोदर राहिलेली प्रत्येक बाई हा प्रश्न मनात घेऊन फिरत असते.

आधी ड जीवनसत्त्व म्हणजे काय ते पाहू. बाकीची जीवनसत्त्वं आपण अन्नातून घेतो. हे मात्र मुख्यतः आपल्या कातडीत तयार होतं. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की तिथल्या एका स्निग्ध पदार्थाचं रूपांतर ड जीवनसत्त्वात होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याच्यावर प्रक्रिया करतात आणि मग ते कामाला लागतं. त्याचं सर्वांत जुनं, सर्वांना ठाऊक असलेलं काम म्हणजे अन्नातलं कॅल्शियम शरीरात शोषून घ्यायला मदत करणं. ते कमी पडलं की मुलांची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. आपल्या आज्या या रोगाला मुडदूस म्हणत.

मुडदूस आणि ऊन यांचा संबंध उलगडण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिककडच्या पाहणीवर एक लेख लिहिला. त्यांना दिसलं ते चकित करणारं होतं. गरीब कष्टकऱ्यांच्या घरात खायला धड नाही, पण बायका-मुलं उन्हात वावरतात, तर तिथं मुडदूस नाही. उलट, पडदा पाळणाऱ्या सधन घरांत दूधतूप मुबलक, पण बायका-मुलं घराच्या आत, तर तिथं मुडदूस. म्हणजे दोष ताटाचा नव्हता, बंद दाराचा होता.

शंभर वर्षांनंतर पडदा बराचसा गेला. पण आपण पुन्हा सावलीत गेलो आहोत. फ्लॅट, ऑफिस, बंद गाडी. दुचाकीवर बसायचं तर चेहऱ्याला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे. त्यात आपली कातडी सावळी. सावळ्या कातडीतला रंग उन्हापासून आपलं रक्षण करतो; पण तेवढंच ड जीवनसत्त्व करायला तिला जास्त वेळ ऊन लागतं. लखनौच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८४ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. सूर्य वर्षभर तळपतो अशा देशात ही स्थिती आहे.

आता आई आणि बाळ. पोटातल्या बाळाला स्वतःचं ऊन नसतं. त्याला मिळणारं सगळं ड जीवनसत्त्व वारेतून, आईच्या रक्तातून येतं. आईकडे भरपूर असेल तर बाळाकडे बेताचं असतं आणि आईकडेच खडखडाट असेल तर बाळ जवळजवळ रिकाम्या हातानं जन्माला येतं. अशा काही बाळांना पहिल्या आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरल्यामुळे झटके येतात. ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांना चांगली माहीत आहे आणि ती टाळता येते. एवढ्या एका कारणासाठीही गरोदर बाईच्या ड जीवनसत्त्वाची काळजी घ्यायलाच हवी.

पण प्रश्न श्वासाचा होता. हाडांच्या जीवनसत्त्वाचा फुफ्फुसांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन-तीन वाटांनी आहे. एक तर मुडदूस झालेल्या मुलाच्या बरगड्याच मऊ असतात. छातीचा भाता नीट चालत नाही, कफ बाहेर पडत नाही. इथिओपियात, अदिस अबाबाच्या रुग्णालयात न्यूमोनिया झालेली ५०० मुलं आणि न्यूमोनिया नसलेली ५०० मुलं तपासली गेली. त्याचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाच्या मुलांत २१० जणांना मुडदूस होता. दुसऱ्या गटात फक्त २० जणांना. दुसरं असं की, जंतूंशी लढणाऱ्या आपल्या पेशींना काही शस्त्रं तयार करायला ड जीवनसत्त्व लागतं. आणि तिसरं म्हणजे, पोटातल्या बाळाची फुफ्फुसं घडत असताना आतल्या वायुकोशांना एक पातळ लेप लागतो. त्यामुळे जन्मानंतर श्वास सोडल्यावर ते चिकटून बंद होत नाहीत. हा लेप तयार करणाऱ्या पेशींवरही ड जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं.

त्यामुळे शास्त्रज्ञांच्या मनात आशा निर्माण झाली. २००७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमधून दोन पाहण्या आल्या. गरोदरपणी ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांना लहानपणी घरघर कमी झाली, असं दोन्हींत दिसलं. लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून नेमकं उलटं आलं. तिथं ज्या आयांच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत नवव्या वर्षी दमा अधिक दिसला.

मग खरं काय मानायचं? इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्या बाईच्या अंगात ड जीवनसत्त्व जास्त, ती बहुधा रोज फिरायला जाते, मासे-अंडी खाते, तिच्या घरात उजेड-वारा असतो, कदाचित घरात कोणी सिगारेट ओढत नाही. तिच्या मुलाचा श्वास चांगला राहिला तर श्रेय नक्की कोणाला द्यायचं? नुसत्या पाहणीतून हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला औषधाची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती मिळाली हे बाईला ठाऊक नाही आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग मुलं मोठी होईपर्यंत वाट पाहायची.

असे दोन मोठे प्रयोग झाले. त्यांचे निकाल जानेवारी २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. पहिला अमेरिकेतला, बोस्टन, सेंट लुईस आणि सॅन डिएगो या तीन शहरांतला. सुमारे ८८० गरोदर स्त्रिया. प्रत्येकीच्या बाळाच्या आईला किंवा वडिलांना दमा किंवा ॲलर्जी होती, म्हणजे धोका असलेलीच घरं निवडली होती. एका गटाला रोज ४४०० युनिट, दुसऱ्याला नेहमीचे ४००. मुलं तीन वर्षांची झाली तेव्हा मोजलं. जास्त डोसच्या गटात २४ टक्के मुलांना दमा किंवा वारंवार घरघर होती. कमी डोसच्या गटात ३० टक्के मुलांना. फरक होता, पण हा निव्वळ योगायोग नाही, असं शास्त्राच्या नियमानं छातीठोकपणे म्हणता येईल एवढा नव्हता.

दुसरा प्रयोग डेन्मार्कमधला, कोपनहेगनचा. तिथं ६२३ स्त्रिया होत्या. चोविसाव्या आठवड्यापासून एका गटाला रोज २८०० युनिट आणि दुसऱ्याला ४००. तीन वर्षांत टिकून राहणारी घरघर एका गटात १६ टक्के, दुसऱ्यात २० टक्के. इथंही फरक त्याच दिशेचा, पण पुन्हा अपुरा. मात्र छातीच्या त्रासाचे प्रसंग मोजले तेव्हा जास्त डोसच्या गटात ते थोडे कमी होते. तीन वर्षांत सरासरी सातऐवजी सहा, असं समजा. पुढच्या वर्षी दोन्ही प्रयोगांचे आकडे एकत्र केले गेले. तेव्हा पहिल्या तीन वर्षांतला धोका सुमारे पावपट कमी झालेला दिसला.

इथवरचं वाचलं की वाटतं, मग देऊन टाका की सगळ्यांना! मोबाइलवर फिरणारा संदेश बहुधा इथंच थांबलेला असतो. पण गोष्ट पुढे आहे. अमेरिकेतल्या त्याच मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं आणि २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतलं दम्याचं आणि घरघरीचं प्रमाण सारखंच होतं. तीन वर्षांपर्यंत दिसलेला फायदा सहाव्या वर्षी उरला नव्हता.

असं का व्हावं? बाळाच्या श्वासनलिका अगदी बारीक असतात. साध्या सर्दीच्या विषाणूनंही त्या सुजतात आणि घरघर होते. यातली बरीच मुलं नलिका मोठ्या झाल्या की आपोआप बरी होतात. खरा दमा कोणाला, हे पाच-सहा वर्षांनंतरच नीट कळतं. तेव्हा तान्हेपणीची घरघर जरा कमी होणं वेगळं आणि दमा टळणं वेगळं. पहिली गोष्ट थोडीफार शक्य दिसते. दुसरी झालेली दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, हे झालं अमेरिका-डेन्मार्कचं. तिथल्या बायकांची आपल्याशी काय तुलना? रास्त शंका आहे. म्हणून ढाक्याचा प्रयोग महत्त्वाचा. आपल्यासारखाच आहार, आपल्यासारखाच वर्ण. १३०० गरोदर स्त्रिया, त्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत ड जीवनसत्त्वाची चांगलीच कमतरता. त्यांना गरोदरपणात, आणि काहींना बाळंतपणानंतरही, वेगवेगळे डोस दिले गेले. २०१८ साली कळलं की बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. पुढे त्याच बाळांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचा हिशेब आला, त्यातही फरक नव्हता. काबूलमध्ये तर तीन हजारांवर तान्ह्या मुलांनाच दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट देऊन पाहिलं. २०१२ चा निकाल असा की, न्यूमोनिया कमी झाला नाही.

म्हणजे ड जीवनसत्त्व निरुपयोगी का? मुळीच नाही. मला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या आहेत. कमतरता भरून काढणं ही एक गोष्ट. ती आईच्या हाडांसाठी, बाळाच्या हाडांसाठी, ते झटके टाळण्यासाठी आवश्यक आहे. आणि कमतरता नसताना किंवा ती भरून निघाल्यावरही आणखी आणखी घेत राहणं ही दुसरी गोष्ट. विहिरीला पाणी नसेल तर ते आणलंच पाहिजे. पण भरलेल्या विहिरीत टँकर रिकामा केला म्हणून पीक दुप्पट येत नाही.

शिवाय हे जीवनसत्त्व अंगात साठतं. जास्त झालं तर लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, मुतखडा, क्वचित मूत्रपिंडाला इजा. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली गरोदर स्त्रीसाठी ठरवलेली रोजची गरज ६०० युनिटची आहे. साठ हजारांच्या एका पुडीत शंभर दिवसांचा साठा असतो, हा हिशेब करून पाहा. डॉक्टर ही पुडी देतात, नाही असं नाही. पण कमतरता पाहून, बहुतेक वेळा आठवड्याला एक आणि मोजक्या आठवड्यांसाठी. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीनं तीन दिवसांत तीनशे दिवसांचं घेतलं होतं. मी पुड्या बंद करायला सांगितल्या आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त तपासलं, कॅल्शियम ठीक निघालं. वेळीच विचारलं म्हणून निभावलं.

मी तिला विचारलं, "सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या असतील ना?" म्हणाली, "आहेत की घरी. पण त्या साध्या आहेत, म्हणून बंद केल्या." त्या साध्या गोळीतच तिला हवं ते होतं. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. म्हणजे रोजचे ५०० युनिट तिच्या फडताळातच पडून होते, फुकट. बाळंतपणानंतरही सहा महिने त्या चालू ठेवायच्या. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत; दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

आणि ऊन? कोवळ्या उन्हात बसा, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फारच थोडे असतात. सोपी खूण सांगते. उन्हात उभं राहून आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ-दहालाच ही वेळ होते, हिवाळ्यात मात्र भर दुपारीच. गरोदर बाईनं वैशाखातल्या दुपारी तापत बसू नये, हे वेगळं सांगायला नको. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं, एवढं जमवावं. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. एवढ्यानं प्रत्येकीचं भागेलच असं नाही, म्हणून गोळी सोडायची नाही.

बाळ झाल्यावर आणखी एक. आईचं दूध अमृतासारखं खरं, पण त्यात ड जीवनसत्त्व फार कमी असतं. म्हणून आपले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. बाटली बदलली तर किती मिलिलिटर द्यायचं ते पुन्हा विचारून घ्या, कारण सगळ्या बाटल्यांत प्रमाण सारखं नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मुलाला दमा आईमुळे झाला का? दम्याचं कारण एक नसतं. मी त्या घराची थोडी चौकशी केली. बाळाचे वडील सिगारेट ओढतात, "पण गॅलरीत". थोरला लहान असताना त्याला रोज धुरी दिली जायची. ओवा, वावडिंग, लसणाची सालं, शेगडीवर. रात्री डासांची कॉइल. आणि बोलता बोलता सासूबाईच म्हणाल्या, "याच्या बापालाही लहानपणी अशीच धाप लागायची. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचे मी." बोलून झाल्यावर त्या स्वतःच गप्प झाल्या.

मी म्हटलं, "आजी, मग तुम्ही तेव्हा काही चुकलात का? नाही ना? तशी हीसुद्धा चुकलेली नाही. धापेचा कल घराण्यातून येतो, त्याला कोणी काही करू शकत नाही. धूर मात्र आपण घरात आणतो, तो आपण थांबवू शकतो."

बाळाच्या श्वासासाठी ज्यांचा उपयोग पक्का ठाऊक आहे, त्या गोष्टी काही महाग नाहीत. गरोदरपणात आणि नंतर घरात कोणीही विडी-सिगारेट ओढायची नाही. गॅलरीतही नाही, कारण धूर आत येतोच. आईनं मिश्री लावत असेल तर ती सोडायची, तीही तंबाखूच. चुलीऐवजी गॅस, निदान बाळंतिणीची खोली चुलीपासून लांब. बाळाला धुरी नको. अंग शेकायचं तर बिनधुराच्या गरम कापडानं हलकं शेकावं. कॉइलऐवजी मच्छरदाणी. सहा महिने फक्त आईचं दूध. लसी वेळेवर, न्यूमोनियाला अटकाव करणारी न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. आणि गरोदरपणी फ्लूची लस घेण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, कारण तिचं संरक्षण जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही मिळतं.

त्या मुलीला दिवाळीनंतर मुलगी झाली. दीड महिन्याच्या लसीला सासूबाईच नातीला घेऊन आल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, धुरी बंद केली बरं का. थेंब रोज देतो. आणि तिच्या गोळ्या मी माझ्या हातानं देते, लोहाची वेगळी, कॅल्शियमची वेगळी." या मुलीला पुढे घरघर होणार नाही, असं वचन मी त्यांना दिलं नाही, कोणीच देऊ शकत नाही. पण पुन्हा धाप लागलीच, तर त्या घरात आता कोणी सुनेकडे बोट दाखवणार नाही, आणि मुलीला घेऊन वेळेवर दवाखान्यात येतील, एवढी खात्री मला वाटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)